पुण्यात घर घेताना-विकताना वकील कसा निवडावा: टोकनच्या आधीपासून ‘सूची दोन’ हातात येईपर्यंत

दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवताना तिथला अधिकारी मुद्रांक शुल्क पुरेसं भरलंय का, समोर बसलेली माणसं दस्तातलीच आहेत का, फोटो-अंगठे झाले का, एवढं बघतो. विकणारा खरोखर मालक आहे का, हे शोधणं त्याचं काम नाही. ‘रजिस्ट्रेशन झालं म्हणजे टायटल क्लिअर’ हा समज इथेच खोटा ठरतो. वकील लावण्याची कायद्याने सक्ती नाही, पण तुमच्या बाजूने मालकी तपासणारा या साखळीत तोच एक.

मुंबईत हे काम करणाऱ्याला ‘सॉलिसिटर’ म्हणतात. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची वेगळी परीक्षा देऊन ती पदवी मिळते. पुण्यात दिवाणी बाजूचे, मिळकतीचे दस्त करणारे वकील हे काम करतात. पाटीवर काय लिहिलंय याला फार महत्त्व नाही.

१. आधी तुमचा व्यवहार कुठल्या जातीचा ते ओळखा

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गुडघा दाखवत नाहीत, तसंच इथे.

बिल्डरकडून नवीन फ्लॅट असेल तर प्रकल्प महारेरात नोंदलेला असतो, टायटल रिपोर्ट, कर्जाचा बोजा आणि चालू दाव्यांची माहिती संकेतस्थळावर असते. वकिलाचं मुख्य काम ते वाचणं आणि करारनामा आदर्श मसुद्याशी ताडून बघणं. जुना फ्लॅट असेल तर आजवरच्या सगळ्या करारांची साखळी तपासावी लागते. पेठेतला वाडा किंवा त्याचा हिस्सा असेल तर मालमत्ता पत्रक, वारस आणि भाडेकरू या तिन्हींत मुरलेला माणूस हवा. शहराच्या कडेचा प्लॉट असेल तर महसुली कागद कोळून प्यालेला वकीलच पाहिजे, दुसरा चालणार नाही.

म्हाडा, सिडको, पागडीची खोली हे आणखी वेगळे विषय. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. म्हाडाच्या घरात विक्रीबंदीची मुदत संपली का ते आधी बघावं लागतं. अशा व्यवहाराला तेच काम रोज करणारा वकील घ्या.

२. वकील आधी, टोकन नंतर

फ्लॅट आवडला, एजंट म्हणाला ‘उद्या दुसरी पार्टी येतेय’, म्हणून एक-दोन लाख विसार दिला आणि मग वकिलाकडे गेले, हा क्रम उलटा आहे. तपासात खोट निघाली की तो विसार सोडवता सोडवता नाकी नऊ येतात, कारण पावतीवर ‘टायटल सदोष निघाल्यास रक्कम परत’ असं लिहिलेलंच नसतं.

थांबणं शक्यच नसेल तर किमान हे वाक्य विसारपावतीत घालून घ्या: ‘खरेदीदाराच्या वकिलाच्या तपासात मालकी हक्क निर्वेध न आढळल्यास अथवा बँकेने मिळकतीच्या कारणास्तव कर्ज नाकारल्यास विसाराची संपूर्ण रक्कम ७ दिवसांत परत केली जाईल.’ हे लिहून द्यायला विकणारा कां-कूं करत असेल, तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

बिल्डरच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही.

३. हा वकील नक्की कुणाचा?

बिल्डरचा वकील बिल्डरचा असतो. त्याने दिलेला टायटल रिपोर्ट खोटा असेल असं नाही, पण करारातलं ताबा लांबवण्याचं कलम तो तुमच्यासाठी सैल करून देणार नाही.

एजंटने सुचवलेल्या वकिलाची अडचण वेगळी. व्यवहार मोडला तर एजंटची दलाली जाते, आणि वर्षाला वीस कामं त्याच एजंटकडून येणाऱ्या वकिलाला ‘हा फ्लॅट घेऊ नका’ असं म्हणणं जड जातं. तो अप्रामाणिक असेलच असं नाही, पण त्याची जागा अवघड आहे.

बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. ‘बँकेने पास केलं ना, मग झालं’ हे तर घरोघरी ऐकू येतं. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो. पार्किंगचं काय, सोसायटीची थकबाकी कुणी भरायची, विक्रेत्याने ताबा उशिरा दिला तर काय, हे त्याच्या कामात येत नाही. फी तुम्ही भरता, तरी अहवाल बहुतेक वेळा बँकेच्या फाइलमध्ये राहतो.

दोन्ही पक्षांना मिळून एकच वकील चालतो का? साध्या, नात्यातल्या व्यवहारात लोक तसं करतात. मतभेद झाले की तो वकील दोघांचाही राहत नाही.

४. ‘स्थानिक’ म्हणजे काय, आणि त्याने एवढा फरक का पडतो

स्थानिक म्हणजे तुमच्या गल्लीत ऑफिस असलेला नव्हे. ज्या गावच्या हद्दीत मिळकत आहे तिथला जुना रेकॉर्ड कुठल्या कार्यालयात, कुठल्या नंबराखाली सापडेल हे ज्याला ठाऊक आहे, तो स्थानिक.

एक उदाहरण बारकाईने बघू. समजा, वाघोलीत २०१२ साली बांधलेल्या इमारतीत तुम्ही जुना फ्लॅट घेताय. सोसायटीच्या पत्त्यात गट नंबर आहे. एकत्रीकरण योजना लागू होण्याआधी हीच जमीन सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबराने ओळखली जायची. वकिलाने फक्त गट नंबरावर शोध घेतला, तर जुन्या सर्व्हे नंबरावर झालेलं एखादं गहाणखत किंवा साठेखत त्याच्या नजरेलाच पडणार नाही. उलट कोथरूडसारख्या भागात सर्व्हे नंबरासोबत सिटी सर्व्हे नंबर असतो, आणि नगररचना योजनेच्या भागात अंतिम भूखंड क्रमांक. एकच जमीन, तीन नावं. तिन्हींवर शोध घ्यावा लागतो.

दुसरी गुंतागुंत परवानगीची. वाघोली, सूस, म्हाळुंगे ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावं आली होती. २०१५ पासून पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे, त्याआधी कडेच्या गावांत बिनशेती आदेश आणि बांधकाम परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयातून निघत. म्हणजे २०१२ च्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेत मागत बसलात तर हेलपाटेच होतील. जाणता वकील बांधकामाचं वर्ष विचारतो आणि कागद कुठे मिळेल ते तिथल्या तिथे सांगतो.

तिसरी गोष्ट रेकॉर्डच्या वयाची. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राची माहिती साधारण २००२ पासूनची मिळते. त्याआधीची सूची पुस्तकं हाताने लिहिलेली, आणि ती कार्यालयात बसूनच चाळावी लागतात. हवेली तालुक्यात दुय्यम निबंधक कार्यालयं वीसहून जास्त आहेत. तुमच्या गावाचे जुने दस्त यांतल्या कुठल्या क्रमांकाकडे, हे न विचारता सांगणारा वकील भेटला तर अर्धं काम झालं समजा.

आणि जमिनीचा इतिहास. पुण्याच्या भोवताली इनाम, वतन, देवस्थानच्या जमिनी पुष्कळ. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. जुन्या कमाल जमीन धारणा कायद्याचा शेराही काही सातबाऱ्यांवर आणि मालमत्ता पत्रकांवर अजून आहे. तो कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, तरी शेरा आपोआप पुसला जात नाही.

५. तीन वकिलांना फोन करा

आधी सनद बघा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक लेटरहेडवर असतो. नसेल तर मागा, त्यात संकोच नको. नोंदणी कार्यालयाबाहेर बसणारे दस्तलेखक आणि ‘डॉक्युमेंटेशन’ करणारे एजंट टायपिंग, चलन, टोकन यात पटाईत असतात, पण ते वकील नव्हेत आणि टायटलवर मत देऊ शकत नाहीत. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे गुळगुळीत जाहिरात दिसली की थोडं सावध व्हा.

फोनवर हे विचारा:

- या गावातले किंवा या सोसायटीतले दस्त तुम्ही अलीकडे केलेत का?
- शोध किती वर्षांचा घेणार आणि कुठल्या कार्यालयांत? प्रत्यक्ष कोण जाणार, तुम्ही की सर्च क्लार्क?
- जाहीर नोटीस देणार का, कुठल्या वर्तमानपत्रांत?
- लेखी अहवाल सहीनिशी देणार का?
- नोंदणीच्या दिवशी स्वतः हजर राहणार का?
- याच विक्रेत्याचं, बिल्डरचं किंवा एजंटचं काम तुमच्याकडे आहे का?

शोध सर्च क्लार्कने घेतला तर बिघडत नाही, बहुतेक ठिकाणी तसंच चालतं. पण वकिलाने तो वाचलेला असावा. ‘काळजी करू नका, सगळं होऊन जाईल’ या उत्तरावर काम देऊ नका. ‘आधी कागद पाठवा, बघून सांगतो’ म्हणणारा बरा.

६. फी ठरवताना

चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: शोध व टायटल रिपोर्ट, मसुदा, नोंदणीला हजेरी, आणि वरखर्च. वरखर्चात सरकारी शोध शुल्क, नोटिशीचा खर्च, नकला. काही वकील किमतीवर टक्का सांगतात. ते बेकायदा नाही, पण मेहनत किमतीवर ठरत नाही. एक कोटीचा, एकाच मालकाने बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट सोपा. तीस लाखांचा, सात वारसांचा फ्लॅट महिनाभर दमवतो. एकरकमी फी ठरलेली बरी.

मुद्रांक शुल्क आणि फी एकत्र करून ‘सगळं मिळून एवढे द्या’ असं कुणी सांगितलं तर नको म्हणा. हिशेब तुम्हालाही जमेल. पुणे महापालिका हद्दीत ८० लाखांच्या फ्लॅटवर ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार मुद्रांक शुल्क, नोंदणी फी ३० हजार (कमाल तेवढीच). खरेदीदार फक्त महिला असेल तर निवासी मिळकतीवर १ टक्का सवलत, म्हणजे ४ लाख ८० हजार. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ही सवलत जाते. रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत कराराहून जास्त असेल तर शुल्क तिच्यावर. सरकारी रक्कम ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीतून तुमच्याच खात्यातून भरा, चलन तुमच्याच नावाचं येऊ द्या.

७. पहिल्या भेटीला नेण्याची फाइल

जुन्या फ्लॅटसाठी:

- पहिल्या बिल्डर-करारापासून आजपर्यंतचे सगळे करार, प्रत्येकाची सूची दोन (‘इंडेक्स टू’, नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि नोंदणी पावती
- शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची ताजी देयकं
- बांधकाम सुरू करण्याचा दाखला, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र
- मिळकत कराची पावती, वीजबिल
- विक्रेत्याचं कर्ज असेल तर बँकेचं थकीत रकमेचं पत्र आणि बँकेकडे जमा कागदांची यादी
- मालक वारलेला असेल तर मृत्यू दाखला, वारसांचे कागद, हक्कसोडपत्रं
- कुलमुखत्यार विकत असेल तर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, आणि ते देणारा हयात असल्याचा पुरावा

प्लॉट असेल तर यात डिजिटल सहीचा सातबारा (ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो), त्यावर उल्लेख असलेले सगळे फेरफार, बिनशेती आदेश, मोजणी नकाशा आणि मंजूर रेखांकन घाला. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीपुरता असतो. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे सामाईक सातबाऱ्यावर विकले जातात, तिथे तुकडेबंदीचा (ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडे विकायला असलेल्या बंदीचा) प्रश्न हमखास निघतो. हे नियम अलीकडे बदलत आलेत, तेव्हा वकिलाकडून आजची स्थिती लेखी घ्या.

१० डिसेंबर १९८५ नंतरच्या करारांवर एक नजर वेगळी टाका. त्या तारखेपासून फ्लॅटच्या करारनाम्यालाच खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागू झालं. साखळीतला एखादा करार साध्या स्टॅम्पवर, नोटरी करून झालेला असेल तर ते शुल्क आणि महिन्याला २ टक्के दंड (कमाल चौपट) कुणी भरायचा, हे किंमत ठरवतानाच मांडा. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे तर वेगळं सांगायला नकोच.

८. सर्च रिपोर्ट हातात आला की वाचा

अहवाल दोन प्रकारचे असतात. पहिल्यात एकच वाक्य: ‘मागील ३० वर्षांचा शोध घेतला असता सदर मिळकत निर्वेध व निजोखमी आढळून आली.’ खाली सही-शिक्का. यातून तुम्हाला काहीच कळत नाही.

दुसरा असा दिसतो: कुठल्या दुय्यम निबंधक कार्यालयात, कुठल्या नंबरांवर, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत शोध घेतला; प्रत्येक दस्ताचा क्रमांक, तारीख, पक्षकार; शोध शुल्काच्या पावत्या जोडलेल्या; आणि शेवटी अटी. या अटीच बारकाईने वाचायच्या. ‘अमुक ते अमुक वर्षांच्या सूची फाटलेल्या अवस्थेत’ किंवा ‘बाइंडिंगसाठी गेल्याने उपलब्ध झाल्या नाहीत’ असं लिहिलेलं असतं. हे खोटं नसतं, पुस्तकांची अवस्था खरोखर तशी असते. पण जी वर्षं बघता आली नाहीत त्यांची उणीव जाहीर नोटीस, फेरफार आणि विक्रेत्याच्या नुकसानभरपाईच्या हमीने भरून काढावी लागते. वकिलाने ते सुचवलंय का बघा.

३० वर्षंच का? गहाण सोडवून घेण्याचा दावा करायला मुदत कायद्यात ३० वर्षं आहेत, म्हणून. फ्लॅटसाठी १२-१३ वर्षांच्या शोधावर भागवणारे असतात. जमिनीसाठी तेवढं पुरत नाही.

सूची दोनमध्ये सगळं दिसत नाही, हेही लक्षात असू द्या. मूळ कागद बँकेत ठेवून काढलेल्या कर्जाची नोटीस महाराष्ट्रात एप्रिल २०१३ पासून नोंदवावी लागते. त्याआधीच्या कर्जाचा माग सूचीत लागेलच असं नाही. म्हणून सरसाईवर (तारण कर्जांच्या केंद्रीय नोंदवहीत) वेगळा शोध घ्यायला सांगा. आणि चालू दाव्यांसाठी विक्रेत्याच्या नावाने ई-कोर्टावर जिल्हा न्यायालयाचा शोध. सामाईक सातबारा असेल तर तहसील आणि प्रांत कार्यालयातले वादही.

जाहीर नोटिशीला हरकत आली म्हणून लगेच पळून जायची गरज नाही. हरकतीसोबत कागद आहेत की नुसता दम, ते वकील बघतो. साधारण १४ दिवसांची मुदत देतात. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही वर्तमानपत्रांत दिली तर उत्तम.

९. मसुद्यात कुठे अडून बसायचं

पैशाचा क्रम आणि कागदाचा क्रम जुळला पाहिजे. विक्रेत्याचं कर्ज असेल तर तुमचा हप्ता थेट त्याच्या कर्जखात्यात, त्यानंतर बँकेचं कर्जमुक्तीचं पत्र आणि मूळ कागद, मगच उरलेली रक्कम. रोखीचा आग्रह धरला तर नाही म्हणा. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, आणि बुडाले तर ते पैसे कागदावर नसतातच.

किंमत किंवा सरकारी मूल्य ५० लाख वा जास्त असेल तर १ टक्का करकपात खरेदीदाराने करून भरायची. विक्रेता अनिवासी असेल तर हा दर चालत नाही, कपात खूप मोठी होते. अशा वेळी सीए सोबत घ्या, वकिलाच्या भरवशावर राहू नका.

पार्किंगबद्दल एवढंच: बिल्डरला उघडी किंवा स्टिल्टमधली जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय. तेव्हा ‘पार्किंगसह’ या शब्दावर खूश होण्याऐवजी सोसायटीचं वाटपपत्र मागा.

१०. विकणाऱ्यांनाही वकील लागतो

विक्रेत्यांना वाटतं, आपल्याला काय, पैसे घ्यायचे आणि सही करायची. पण खरेदीदाराच्या वकिलाने लिहिलेल्या मसुद्यात ‘भविष्यात निघणाऱ्या कोणत्याही दाव्याची संपूर्ण जबाबदारी’ तुमच्यावर येते. तिला काळाची आणि रकमेची मर्यादा घालणं तुमच्या वकिलाचं काम. शेवटचा हप्ता आल्याशिवाय ताबा नाही, चेक परत आल्यास करार रद्द, ही कलमंही तोच घालतो.

सोसायटीला हस्तांतराची सूचना १५ दिवस आधी द्या. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य कमाल २५ हजार; ‘डोनेशन’ म्हणून त्यावर मागितलं तर २००१ च्या शासन आदेशाची प्रत पुढे करा. ते कुणी भरायचं हे करारात लिहा, नाहीतर चाव्या देतानाच भांडण होतं. आणि नॉमिनी म्हणून तुमचं नाव सोसायटीत लागलं असेल, तर त्याने तुम्ही मालक होत नाही. भावंडांची हक्कसोडपत्रं आधी नोंदवा, मग ग्राहक शोधा.

परदेशातून विकणाऱ्यांनी कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करून इकडे पाठवायचं. भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. म्हणून कुरिअरच्या पाकिटावरची तारीख जपून ठेवा. मसुदा पुण्यातल्या वकिलाकडूनच घ्या. तिकडच्या तयार नमुन्यात ‘नोंदणी कार्यालयात दस्त कबूल करणे’ हा अधिकार राहून गेला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

११. नोंदणीचा दिवस

सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो. त्या दिवशी सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, पॅन, दोन साक्षीदार, चलनाची प्रत, मूळ दस्त. साक्षीदार ऐनवेळी बाहेरून पकडू नका; दोन्ही पक्षांना खरोखर ओळखणारे आणा.

अंगठा लावण्याआधी डेटा एंट्रीची छापील प्रत मागून घ्या आणि वकिलाला शेजारी उभं करून ओळ न् ओळ वाचा: नावाचं स्पेलिंग, फ्लॅट क्रमांक, मजला, चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये, गट किंवा सर्व्हे नंबर, चतु:सीमा. हीच माहिती सूची दोनमध्ये जाते. चूक तिथे धरली तर कारकून दोन मिनिटांत बदलतो. नंतर लक्षात आली तर चूकदुरुस्ती लेख करावा लागतो आणि त्यावर सही करायला विक्रेत्याला परत बोलवावं लागतं. तोवर त्याला पूर्ण पैसे मिळालेले असतात, आणि तो फोन उचलेलच असं नाही.